पुण्यांतील राजकारभाराचीं स्थलें व त्यांच्या दर्शनाचा क्रम

(१)

पुण्यांतील जुने वाडे, दरवाजे आणि चावड्या माहितगार वाटाड्याबरोबर पायीं हिंडून पाहण्याची चाल अलीकडे या शहरांत चांगलीच रुळली आहे. सुटीच्या दिवशीं सकाळीं दहावीस जिज्ञासू मंडळी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापुढें जमतात. वाटाड्या पुढें, मंडळी मागें, असें चालत लाल महाल, नाना वाडा, कोतवाल चावडीचा परिसर व विश्रामबाग वाडा हीं स्थलें पाहून होतात, आणि उन्हें तापण्यापूर्वीं मंडळी आपापल्या घरीं परततात. ज्या पिढीस मोडीचें एक अक्षरहि लागत नाहीं, तिला निदान दगडविटांच्या द्वारें पूर्वजांच्या राज्यकारभाराची ओळख व्हावी, या हेतूनें चाललेला हा उद्योग सर्वथा स्तुत्य आहे, आणि त्याचें अभिनंदन केल्यावांचून पुढें जाणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

परंतु या फेऱ्यांतून जें सांगितलें जातें तें लक्षपूर्वक ऐकतां एक गोष्ट प्रकर्षानें ध्यानांत येते. ती ही कीं, तेथें प्रसंग सांगितले जातात, कारभार सांगितला जात नाहीं. येथें शाहिस्तेखानाचीं बोटें तुटलीं, येथें नारायणरावांचा वध झाला, येथें सवाई माधवराव माडीवरून पडले, असें एकामागून एक शोककथांचें निरूपण चालतें. ज्या यंत्राच्या योगानें परगण्यापरगण्यांतून वसूल येत होता, फौजेस रोजमुरा पोंचत होता, देवस्थानांचीं वर्षासनें चालत होतीं आणि गांवच्या पाटलाची फिर्याद प्रधानाच्या कानापर्यंत जात होती, त्या यंत्राविषयीं मात्र चकार शब्द निघत नाहीं.

ही उणीव केवळ करमणुकीची असती तर तिची चर्चा येथें करण्याचें कारण नव्हतें. पण वाटाड्याच्या तोंडचें वाक्य उद्यां फलकावर चढतें, फलकावरचें परवां पुस्तकांत शिरतें, आणि पुस्तकांतलें तेंच पुढें 'परंपरागत माहिती' या नांवानें आपल्यासारख्या साधनसंग्राहकांच्या टिपणांत येऊन बसतें. म्हणून या विषयाचा विचार संशोधकांनींच केला पाहिजे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : राजकारभाराचीं स्थलें प्रसंगांच्या क्रमानें न पाहतां कागदाच्या प्रवासाच्या क्रमानें पाहावीं. अधिकार कोठून आला, हुकूम कोठें लिहिला गेला, त्याची अंमलबजावणी कोठें झाली, आणि शेवटीं तो कागद कोठें जाऊन विसावला, या चार प्रश्नांच्या अनुरोधानें पावलें टाकलीं, म्हणजे पडके तटसुद्धां बोलूं लागतात.

(२)

प्रथम 'राजधानी' या पदाचाच विचार करूं. 'धा' म्हणजे ठेवणें, धारण करणें. या धातूस अधिकरणार्थीं ल्युट् प्रत्यय लागून 'धानी' हें स्त्रीलिंगी रूप सिद्ध होतें. जेथें राजाचें अधिष्ठान असतें ती राजधानी. या व्युत्पत्तीप्रमाणें पाहतां पेशवाईच्या काळीं पुणें हें राजधानीचें नगर नव्हतें. शाहू छत्रपतींनीं इ. स. १७०८ च्या जानेवारींत साताऱ्यास राज्याभिषेक करविला, तेव्हांपासून त्या घराण्याची गादी साताऱ्यास होती. पेशवाईचीं वस्त्रें तेथूनच मिळत. थोरल्या माधवरावांस तीं १७६१ त साताऱ्यास मिळालीं. सवाई माधवराव अवघे चाळीस दिवसांचे असतां, १७७४ त, त्यांच्यासाठीं तीं साताऱ्याहून पुरंदरास आणविलीं गेलीं. पेशव्यांच्या शिक्क्यांत आधीं छत्रपतींचें नांव व मागाहून 'मुख्य प्रधान' हें पद येतें, ही गोष्ट ज्यांनीं एखादी तरी सनद हाताळली आहे त्यांस सांगावयास नको.

शाहू छत्रपती १५ डिसेंबर १७४९ रोजीं निवर्तले. पुढच्या वर्षीं सांगोल्यास झालेल्या व्यवस्थेनें राज्याचा कारभार बहुतेक सर्वस्वीं पेशव्यांच्या हातीं आला. तेव्हांपासून गादी साताऱ्यास व फड पुण्यास, असा प्रकार झाला. म्हणून पुण्यास 'राजधानी' म्हणावयाचें तर तें व्यवहारापुरतें. खरें नांव 'कार्यस्थान' हेंच. या भेदाची जाणीव फेरीच्या पहिल्या पावलासच करून दिली पाहिजे. नाहींतर दिल्ली दरवाजापुढें उभा राहणारा मनुष्य शनिवारवाड्यास राजवाडा समजतो. वस्तुतः तें प्रधानाचें घर होतें, आणि त्याच घरांत राज्याची कचेरी होती.

पुण्याचा राजकीय इतिहास याहून जुना आहे, हें खरें. शहाजीराजांची जहागीर, दादोजी कोंडदेवांची व्यवस्था, आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं शिवाजी महाराजांनीं शाहिस्तेखानावर घातलेला छापा, या सर्वांचें स्मरण लाल महालापाशीं होणें योग्यच आहे. मात्र आज तेथें दिसणारी इमारत महानगरपालिकेनें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उभारलेली आहे. स्मारक या नात्यानें तिचा आदर करावा. सतराव्या शतकांतील वाड्याच्या रचनेचें प्रमाण म्हणून तिच्याकडे बोट दाखवूं नये. एवढें सांगून येथून पुढें जावें.

(३)

शनिवारवाड्याच्या पायाभरणीची तारीख १० जानेवारी १७३० व वास्तुशांतीची २२ जानेवारी १७३२ अशी सर्वत्र दिली जाते, आणि दोन्ही दिवस शनिवार होते म्हणून वाड्यास हें नांव पडलें असें सांगतात. एखादा चौकस श्रोता हल्लीच्या ग्रेगरी गणनेनें मागें मोजीत गेला तर त्यास १० जानेवारी १७३० हा मंगळवार सांपडेल, आणि २२ जानेवारी १७३२ हाहि मंगळवारच सांपडेल. मग तारखा खोट्या कीं वार खोटा, असा संशय त्यास येईल. वस्तुतः दोहोंपैकीं कांहींच खोटें नाहीं. या तारखा जुन्या ज्यूलियन गणनेच्या आहेत. इंग्लंडानें १७५२ त गणना बदलली. तत्पूर्वींच्या तारखा जुन्या गणनेनें देण्याचा प्रघात आपल्या बहुतेक इतिहासग्रंथांत पडून गेला आहे. त्यांत अकरा दिवस मिळवितां नव्या गणनेनें २१ जानेवारी १७३० व २ फेब्रुवारी १७३२ हे दिवस येतात, आणि ते दोन्ही शनिवारच आहेत. फलकावर तारखेपुढें 'जुनी गणना' एवढे दोन शब्द घातले तर हा घोटाळा कायमचा मिटेल.

तथापि वार जुळला एवढ्यावरून नांवाची उपपत्ति निःसंशय सिद्ध झाली, असें मात्र म्हणतां येत नाहीं. दुसऱ्या बाजीरावाचा बुधवार वाडा बुधवार पेठेंत होता, शुक्रवार वाडा शुक्रवार पेठेंत. वाड्यास पेठेच्या नांवानें ओळखण्याची रीत या शहरांत होती, हें यावरून उघड होतें. आणि शनिवार पेठ तर या वाड्याच्या लगतच आहे. दोन्ही कारणें एकमेकांस मारक नाहींत. वाटाड्यानें दोन्ही सांगावीं व निर्णय घाईनें देऊं नये.

आरंभीं या वाड्यास १६,११० रुपये खर्च आल्याचें सांगितलें जातें. पुढें प्रत्येक पेशव्यानें त्यांत भर घातली. खालीं दगडी व वर विटांचा असा तट, नऊ बुरूज आणि पांच दरवाजे हें आजचें बाह्य रूप आहे. उत्तरेस दिल्ली व मस्तानी अथवा अलीबहाद्दर, पूर्वेस खिडकी व गणेश, आणि दक्षिणेस जांभूळ अथवा नारायण, हीं दरवाजांचीं नांवें. दिल्ली दरवाजावरील नगारखाना अद्यापि उभा आहे. त्याच्या सज्जांतून आंत पाहिलें म्हणजे हिरवळ, चौथरे, हौद व पाये एवढेंच दृष्टीस पडतें; कारण २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या मोठ्या आगींत आंतील सर्व लाकडी काम भस्मसात् झालें. आज दिसणारे पाये व कारंजीं १९१९ नंतर झालेल्या उत्खननानें उजेडांत आलीं.

येथें उभे राहून वाटाड्यानें कारंज्यांची संख्या सांगण्यापूर्वीं चौकांचीं नांवें सांगावीं, असें आम्हांस वाटतें. एका चौकास 'फडाचा चौक' म्हणत, दुसऱ्यास 'मुदपाकाचा'. एकाच तटाच्या आंत एकीकडे राज्याचे हिशेब होत होते व दुसरीकडे स्वयंपाकाच्या चुली पेटत होत्या. घर आणि कचेरी यांमध्यें आज आपण जी भिंत घालतों ती त्या काळीं नव्हती. पेशव्यांच्या खाजगीचा व दौलतीचा खर्च वाचतांना अभ्यासकास जो गोंधळ होतो त्याचें अर्धें उत्तर या दोन चौकांच्या शेजारांत आहे.

दरबाराचा दिवाणखाना म्हणजे गणपति रंगमहाल, हा नानासाहेब पेशव्यांनीं १७५५ त बांधविला. तो आज नाहीं. परंतु १७९० च्या तहाच्या वेळचा दरबार टॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकारानें जेम्स वेल्सच्या रेखाटनांच्या आधारें रंगविला, आणि १८०५ त पुरें झालेलें तें चित्र लंडनच्या टेट संग्रहांत आहे. दालनाचे खांब, महिरपी व गणेशमूर्ति यांची कल्पना त्यावरून येते. मात्र प्रसंग १७९० चा व चित्र १८०५ चें, हें पंधरा वर्षांचें अंतर विसरूं नये. स्तंभरचनेसाठीं तें साक्षीस घ्यावें. कोण कोठें बसला यासाठीं तें एकटें पुरेसें नाहीं.

(४)

आतां फडाकडे वळूं. हाच या प्रदक्षिणेचा गाभारा होय, आणि येथें पाहण्यासारखें कांहींच उरलेलें नसल्यामुळें नेमका हाच वगळला जातो.

हुजूर दप्तराची रचना अशी होती कीं तीवरून कोणत्याहि राज्यानें धडा घ्यावा. फडणिसाच्या हाताखालीं मुख्य चार शाखा. 'फड' ही पहिली. येथून हुकूम, सनदा व वराता निघत, आणि परगण्यांचे हिशेब येथें प्रथम येत. 'बेहडा' ही दुसरी. इच्या कामांत पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज बांधला जाई. तिसरी 'सरंजाम', सरदारांच्या नेमणुका, फौज व किल्ले यांचे कागद इच्याकडे. चौथी 'एक बेरीज'. फडाचें काम उरकल्यावर सर्व कागद अखेर येथें येत, त्यांची प्रतवारी लागे, आणि सालवार तर्जुमे व खतावण्या तयार होत. दोनशेंहून अधिक कारकून या दप्तरांत राबत. प्रत्येक दिवसाची नोंद रोजकीर्दींत होई. त्यामुळें अमुक सनद अमुक तारखेस निघाली किंवा नाहीं, याची झडती आजहि घेतां येते.

एखाद्या सामान्य कागदाचा प्रवास डोळ्यांपुढें आणावा. परगण्याचा कमाविसदार याद पाठवितो. ती फडांत वाचली जाते. कलमवार मथळे पाडून उजवीकडे मंजुरीचे शेरे पडतात. मग पत्र लिहिलें जातें. आरंभीं कारकुनी वळणाचें, शेवटीं 'जाणिजे' येतें, 'छ' घालून मुसलमानी महिन्याची तारीख पडते, आणि 'लेखनसीमा' हा शिक्का उमटतो, म्हणजे त्यापुढें एक अक्षरहि कोणास वाढवितां येऊं नये. काल सुहूर सनाचा. जसें 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे ११७४, त्यांत ५९९ मिळविले कीं १७७३ येतें. पत्र गेलें तरी त्याची नोंद मागें राहते. या साखळींतील प्रत्येक कडीस एक माणूस जबाबदार आहे.

ही साखळी समजली म्हणजे वाड्यांतील सर्वांत प्रसिद्ध कथेकडेहि आपण निराळ्या दृष्टीनें पाहूं लागतों. नारायणरावांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजीं वाड्यांत झाला, हें निर्विवाद. पण 'धरावें' या शब्दांतील 'ध' चा आनंदीबाईनें 'मा' केला, ही गोष्ट प्रत्येक फेरींत खरी म्हणून सांगितली जाते. ती आपल्या भाषेंत म्हण होऊन बसली आहे, आणि म्हणीस पुरावा कोणी मागत नाहीं. संशोधकानें मात्र तो मागितला पाहिजे. असा खाडाखोडीचा मूळ कागद आजवर पुढें आलेला नाहीं. आणि ज्या राज्यांत लेखनसीमेपलीकडे अक्षर वाढविण्यास वाव नव्हता, तेथें गुप्त कटाची चिठी कोणत्या वाटेनें गेली असेल, हा प्रश्न म्हणीनें सुटत नाहीं. कथा सांगावी, पण 'कथा' म्हणून सांगावी. रामशास्त्री प्रभुण्यांनीं रघुनाथरावांच्या दोषाचा निवाडा निर्भयपणें सांगितला, या परंपरेचें तेज त्यामुळें यत्किंचित्‌हि कमी होत नाहीं.

वाड्याजवळच नाना फडणिसांचा वाडा आहे. बारभाईंच्या कारस्थानानंतर जवळजवळ पंचवीस वर्षें या राज्याचें लेखणीचें टोंक नानांच्या हातीं होतें. दप्तराची शिस्त त्यांच्या काळीं परमावधीस पोंचली, आणि ते १८०० त वारल्यावर दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत ती ढासळली. राज्याचा अस्त १८१८ त झाला असें आपण म्हणतों. परंतु रोजकीर्दींचीं पानें उलटणारास तो कित्येक वर्षें आधींच दिसूं लागतो. फडाचा चौक व नाना वाडा यांमधील थोडीं पावलें चालतांना एवढी गोष्ट श्रोत्यांच्या मनावर ठसली तरी फेरीचें सार्थक झालें.

(५)

फडांत लिहिलेला हुकूम शहरांत लागू होई तो कोतवालाच्या द्वारें. बुधवार पेठेंत 'कोतवाल चावडी' हें नांव अद्यापि लोकांच्या तोंडीं आहे; दगडूशेठ हलवाई गणपतीचा उत्सव तेथें बसतो, त्यामुळें तें लाखों लोकांस ठाऊक आहे. पण नांवापलीकडे फारसें कांहीं कोणास ठाऊक नसतें.

कोतवाल म्हणजे केवळ शिपायांचा नाईक नव्हे. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यांत फिरणारांस अडविणें हें त्याचें काम होतेंच. परंतु त्याशिवाय बाजारांतील भावांवर नजर ठेवणें, घरांच्या व जागांच्या खरेदीविक्रीची नोंद करणें, सरकारकामास मजूर पुरविणें, लहानसान तंटे तोडणें, हींहि त्याच्याचकडे. एका शब्दांत सांगावयाचें तर पोलीस, नगरपालिका व दुय्यम निबंधक या तिघांचें काम एका चावडींत चाले. जुन्या घरांचीं खरेदीखतें ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांनीं तीं या दृष्टीनें पुन्हां वाचावींत.

घाशीराम कोतवालाचें नांव मोरोबा कान्होबा यांच्या १८६३ च्या पुस्तकामुळें व पुढें विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळें सर्वतोमुखीं झालें. नाटक ही स्वतंत्र कलाकृति आहे. तिच्यावर इतिहासाचा भार टाकणें तिच्यावरहि अन्याय व इतिहासावरहि. निश्चित आहे तें एवढें कीं, १७९१ च्या ऑगस्टअखेर तैलंगी ब्राह्मण कोतवालाच्या कैदेंत गुदमरून मेले, शहर खवळलें, आणि घाशीरामास लोकांच्या हवालीं करण्यांत येऊन दगडांच्या माऱ्यानें त्याचा अंत झाला. इतका अधिकार एका चावडींत सांठला असतां त्यावर दाब कोणाचा होता, हा या घटनेंतील खरा राजकीय प्रश्न होय. चावडीच्या जागीं उभे राहून तोच विचारला पाहिजे.

येथून जवळच फरासखाना. फर्राश म्हणजे जाजमें, राहुट्या व डेरे यांची व्यवस्था पाहणारा; त्याचें कोठार तें फरासखाना. आज तें एका पोलीस ठाण्याचें नांव आहे. तसेंच हुजूरपागा : पेशव्यांच्या खास घोड्यांची ती जागा, आणि १८८४ त सुरू झालेल्या मुलींच्या शाळेनें पुढें तेंच नांव धारण केलें. शुक्रवार पेठेंतील गाडीखानाहि त्याच माळेंतला. इमारती गेल्या, खातीं बुडालीं, पण नांवें उरलीं. दगडापेक्षां शब्द अधिक टिकतो, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. ज्या नांवाच्या शेवटीं 'खाना', 'पागा' किंवा 'चावडी' येतें तेथें थांबून कारभाराचें कोणतें खातें होतें याची विचारपूस करावी. खात्याचें नांव सांपडलें कीं त्याचे कागद दप्तरांत कोठें पाहावयाचे हेंहि कळतें.

(६)

बुधवार वाडा दुसऱ्या बाजीरावानें बांधला. इंग्रजी अमलांत तेथें सरकारी कचेऱ्या भरत. १८७९ च्या मे महिन्यांतील आगींत तो नाहींसा झाला. त्याच आगीची झळ विश्रामबाग वाड्यास लागली व त्याचाहि कांहीं भाग जळाला. पण दुरुस्त होऊन तो उभा राहिला, आणि सुरूच्या कोरीव खांबांचा त्याचा दर्शनी सज्जा आजहि पाहणारास थांबवितो. हा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पुरा झाला, व बाजीराव तेथें सुमारें अकरा वर्षें राहिला.

परंतु आमच्यासारख्या संस्कृताभ्यासकांस या वाड्याचें मोल वेगळ्या कारणानें आहे. पेशवाई बुडाल्यावर श्रावणमासांतील दक्षिणेचा प्रश्न नव्या सरकारपुढें आला. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यांत विद्वानांस वांटली जाणारी ही दक्षिणा एकाएकीं बंद करणें एल्फिन्स्टनास शहाणपणाचें वाटलें नाहीं. त्या रकमेंतील कांहीं भाग विद्येकडे वळविण्यांत आला, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली गेली. पुढें तिच्यापासूनच डेक्कन कॉलेजाची परंपरा निघाली. एका राज्याचें दानखातें दुसऱ्या राज्याचें शिक्षणखातें कसें झालें, हें दाखविणारी याहून बोलकी वास्तु पुण्यांत दुसरी नाहीं.

फेरींत बहुधा वगळलें जाणारें स्थल म्हणजे मुळामुठेचा संगम. सर चार्ल्स मॅलेट १७८६ त रेसिडेंट म्हणून पुण्यास आला, आणि इंग्रजांची वकिलात शहराबाहेर ईशान्येस संगमावर वसली. फडांत जें लिहिलें जात होतें त्याची इंग्रजी बाजू येथें लिहिली जात होती. म्हणून एकाच दिवसाचें मराठी पत्र व रेसिडेंटाचें पत्र शेजारीं ठेवून वाचण्याचा लाभ पेशवाईच्या उत्तरार्धाच्या अभ्यासकास मिळतो. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली, त्या दिवशीं ही वकिलात जाळली गेली आणि एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. बारा दिवसांनीं, १७ नोव्हेंबरास, शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें.

(७)

आतां शेवटचें स्थल. तें जुन्या शहरांत नाहीं, आणि कोणत्याहि वाटाड्याच्या यादींत तें आम्हांस आढळलें नाहीं. १८९१ त बांधलेली पुणें अभिलेखागाराची दगडी इमारत, जिला लोक अद्यापि पेशवे दप्तर म्हणतात, हेंच या सर्व वाटेचें पर्यवसान होय. तेथें सुमारें ३९,००० रुमाल आहेत. फडाचा चौक जळाला, बुधवार वाडा जळाला, वकिलात जळाली. पण 'एक बेरजे'स पोंचलेला कागद वांचला.

तो सरकारच्या इतिहासप्रेमामुळें वांचला नाहीं, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. इनामांचे दावे तपासण्यासाठीं नव्या राज्यकर्त्यांस या कागदांची गरज होती. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाल्यावर ती अधिकच वाढली. ज्या रुमालांनीं कित्येकांचीं इनामें गेलीं, तेच रुमाल आज आपलें ऐतिहासिक धन आहेत. संशोधकांस तेथें प्रवेश मिळण्यास दीर्घकाळ लागला. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेले रोजनिशींतील उतारे विसाव्या शतकाच्या आरंभीं बाहेर आले, व गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३४ पर्यंत पेशवे दप्तराचे ४५ खंड निघाले. एवढ्यानें समुद्रांतील ओंजळभर पाणी वर आलें. बाकीचें तसेंच आहे.

आणि सरकारी दप्तराबाहेरचें काय? फडांतील कारकून, दप्तरदार, कमाविसदार यांच्या वंशजांचे वाडे याच पेठांत होते, कांहीं अजून आहेत. एकेक वाडा पाडून तेथें अनेक मजली इमारत उठते, तेव्हां माळ्यावरील बस्ता आधीं अंगणांत व मग रद्दींत जातो. कधीं तो एखाद्या रसिकाच्या हातीं पडतो. पण तेव्हांहि धोका टळत नाहीं. सुंदर शिक्क्याचें पत्र तेवढें बाजूस काढावें, चौकटींत बसवावें, आणि उरलेल्या हिशेबाच्या फर्दांस वाळवीच्या स्वाधीन करावें, असा प्रकार संग्राहकांत विरळा नाहीं. रुमालांतून निखळलेला कागद आणि संदर्भावांचून दाखविलेला वाडा, दोन्ही सारखेच. दोहोंस पाहून आश्चर्य वाटतें, बोध होत नाहीं.

म्हणून वाटाडे व संग्राहक या उभयतांपुढें आम्ही पुढील सूचना ठेवतों.

(अ) फेरीचा क्रम असा असावा : साताऱ्याच्या गादीचें स्मरण, दिल्ली दरवाजा, फडाचा चौक, नाना वाडा, कोतवाल चावडी, फरासखाना, विश्रामबाग वाडा, व दुसऱ्या दिवशीं संगम आणि अभिलेखागार.

(आ) प्रत्येक स्थलीं जळालेलें, उरलेलें व नव्यानें बांधलेलें यांचा भेद प्रथम सांगावा.

(इ) प्रत्येक ठिकाणीं त्या खात्याच्या एका तरी कागदाची छायाप्रत श्रोत्यांच्या हातीं द्यावी व निदान तारखेची ओळ मोडींतून वाचून दाखवावी. मोडी शिकण्याची इच्छा अशा एका ओळीनेंच उत्पन्न होते, हें आम्हीं विद्यार्थ्यांच्या बाबतींत पुष्कळदां पाहिलें आहे.

(ई) संग्राहकानें कागद घेतांना तो कोणत्या पेठेंतील कोणत्या वाड्यांतून, कोणत्या बस्त्यांतून व कोणत्या कागदांच्या शेजारून आला, याचें टिपण त्याच दिवशीं करावें. बस्ता फोडावयाचाच असेल तर आधीं त्याची यादी करावी, आणि घड्या ज्या क्रमानें निघाल्या तो क्रम यादींत नमूद करावा.

(उ) वाडा पडणार असें कळतांच जवळच्या संशोधनसंस्थेस वर्दी द्यावी. एक सकाळ खर्चली तर पिढ्यांचे कागद वांचतील.

यांतील शेवटच्या दोन सूचनांस विलंब चालणार नाहीं. शनिवारवाड्याचे तट आणखी शंभर वर्षें उभे राहतील. त्यांची काळजी घेणारें सरकारी खातें आहे. माळ्यावरच्या बस्त्यास तसा कोणी वाली नाहीं. तो वांचला तर तटाच्या आंत काय चाललें होतें तें पुढच्या पिढीस सांगतां येईल.